टेबलावरचं विंडोज सेव्हन

संत्र्याच्या अंबिया बहाराचा फळपीक विमा भरायची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते. त्या आठवड्यात वरूड तालुक्यातल्या कोणत्याही सेवा केंद्रावर गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भाऊ, साइट चालून नाही राहिली." शेंदूरजनाघाटात ज्याची बाग नाही त्याची कलमांची रोपवाटिका असते, त्यामुळे या ना त्या अर्जासाठी केंद्राची पायरी सगळ्यांनाच चढावी लागते. ऐकणारा या वाक्याचा अर्थ 'सर्व्हर डाऊन' असा घेतो आणि उद्या येतो म्हणून निघून जातो. पुष्कळदा सर्व्हर खरोखरच डाऊन असतो. पण कित्येकदा सर्व्हर ठणठणीत असतो, लाइट असते, नेटही असतं. अडलेला असतो तो टेबलावरचा ब्राउझर, कारण त्याच्याखालची विंडोज कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेली असते.

कोणती विंडोज कधी सुटली, ते आधी पाहू. २००१ साली आलेल्या एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, क्रोमनेही एक्सपी सोडलं. तिथली शेवटची आवृत्ती ४९. फायरफॉक्सने ५२ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती देऊन २०१८ च्या मध्यापर्यंत एक्सपीवाल्यांना सांभाळलं. विंडोज सेव्हनची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. क्रोमने तिथे आणखी तीन वर्षं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या १०९ व्या आवृत्तीवर हात वर केले. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनही संपलं. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, आजही उत्तम चालणारा पीसी कागदोपत्री बाद.

या तारखा ठरतात अमेरिकेत आणि त्यांचा भार येऊन पडतो तालुक्याच्या गावावर. इथले बहुतेक कॉम्प्युटर सेकंड हँड असतात. अमरावती-नागपूरच्या कचेऱ्यांनी आणि कंपन्यांनी काढून टाकलेले डबे दुकानदार आणतो, रॅम वाढवतो, जमलं तर एसएसडी टाकतो आणि विंडोज मारून देतो. ज्या वर्षी पुण्यातली कंपनी एखादा पीसी मोडीत काढते, त्या वर्षी आमच्याकडे त्याचा नव्याने संसार सुरू होतो. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने गावोगावी जी पिढी कॉम्प्युटरला लावली, तिने हात साफ केला तो एक्सपी आणि सेव्हनवरच. त्या पिढीतली बरीच मुलं आज केंद्रचालक आहेत. त्यांना कॉम्प्युटर कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्या हातातलं यंत्र त्यांच्या समजुतीपेक्षा आधी म्हातारं ठरवलं गेलं, एवढंच.

आता ब्राउझर जुन्या विंडोजवर का चालेनासा होतो, ते नीट समजून घ्यायला हवं. 'कंपन्यांना नवे कॉम्प्युटर विकायचे असतात' हे उत्तर अर्धंच आहे. ब्राउझर स्वतः सगळं करत नाही. अक्षरं रंगवणं, मेमरी मागणं, नेटशी बोलणं, या कामांसाठी तो विंडोजमधल्या तयार फंक्शनांना हाक मारतो. नव्या विंडोजमध्ये नवी फंक्शनं येतात, ब्राउझर ती वापरू लागतो, आणि एक्सपीवर तीच फाइल चालवली की 'प्रोसिजर एंट्री पॉइंट' सापडत नाही अशी खिडकी येऊन कारभार आटोपतो. त्याच्याही खाली आणखी एक थर आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ब्राउझर ज्या हत्यारांनी बांधला जातो तीच जुन्या विंडोजला सोडून देतात. फायरफॉक्सचे मोठे भाग आता रस्ट या भाषेत लिहिलेले आहेत, आणि मे २०२४ मध्ये आलेल्या रस्ट १.७८ पासून त्या भाषेची किमान पायरी विंडोज टेन झाली. गो भाषेने १.२१ व्या आवृत्तीत विंडोज सेव्हन सोडलं, पायथनने ३.९ मध्ये. ब्राउझर बनवणाऱ्याच्या मनात कितीही असलं तरी त्याच्या पायाखालची फळी अशी सरकत जाते.

ब्राउझर उघडला तरी साइट उघडेलच असं नाही. पहिली अडचण कुलपाची. एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला कनेक्शन सुरक्षित करण्याची टीएलएस १.० हीच सगळ्यांत नवी पद्धत येते. मुख्य ब्राउझरांनी २०२० साली ती पद्धत आणि तिची पुढची १.१ ही दोन्ही बंद केली. दुसरी अडचण प्रमाणपत्रांची. साइट खरी आहे हे सांगणारं प्रमाणपत्र कुठल्या तरी मूळ प्रमाणपत्रावर टेकलेलं असतं आणि ते मूळ तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच असावं लागतं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असंच एक जुनं मूळ प्रमाणपत्र, डीएसटी रूट एक्स३, मुदत संपून बाद झालं. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था तोवर त्याच्या आधारावर उभी होती. तिचं स्वतःचं नवं मूळ ज्या जुन्या यंत्रांत पोचलं नव्हतं, तिथे जगभरच्या असंख्य साइट एका दिवसात बंद पडल्या. त्यातही फायरफॉक्स तगला, कारण तो प्रमाणपत्रांची आपली वेगळी पेटी बरोबर बाळगतो, विंडोजच्या भरवशावर राहत नाही. जुन्या यंत्रावर क्रोम अडला की फायरफॉक्स लावून बघ, हा दुकानदारांचा सल्ला त्यामुळे अनेकदा खरा ठरतो.

पण प्रमाणपत्राचा इशारा दिसला की लगेच ब्राउझरला दोष देऊ नये. गावाकडे याचं एक फार साधं कारण असतं आणि ते मी पुनःपुन्हा पाहिलं आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. चार-पाच वर्षांनी, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तापून आणि भारनियमनात तासन् तास वीज नसल्याने, तो मरतो. मग दर वेळी मशीन सुरू झालं की तारीख १ जानेवारी २००९ किंवा अशीच काहीतरी मागची पडते. २००९ सालात उभ्या असलेल्या ब्राउझरला आजचं प्रमाणपत्र दाखवलं की तो म्हणतो, हे तर अजून लागूच झालेलं नाही. आणि लाल पडदा टाकून मोकळा होतो. केंद्रचालक ब्राउझर काढून पुन्हा टाकतो, विंडोज फॉरमॅट मारतो, हजार-पाचशे रुपये जातात. खरा खर्च असतो तीस-चाळीस रुपयांच्या सेलचा. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी बघा, एवढी पाटी प्रत्येक केंद्रात लावायला हरकत नाही.

तिसरी अडचण दिसतच नाही, म्हणून ती सगळ्यांत वाईट. पान उघडतं, रकाने भरता येतात, शेवटचं 'सबमिट'चं बटण मात्र दाबलं तरी ढिम्म. कारण पानामागची जावास्क्रिप्ट. २०२० च्या सुरुवातीला क्रोम ८० आणि फायरफॉक्स ७४ या आवृत्त्यांनी एक छोटी खूण शिकून घेतली: प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून टिंब. प्रोग्राम लिहिणाऱ्याचे चार शब्द वाचवणारी सोय. पण ज्या ब्राउझरला ती खूण माहीत नाही तो तेवढी ओळ गाळून पुढे जात नाही. ती अख्खी फाइलच वाचायची सोडून देतो. क्रोम ४९ वर बसलेल्या माणसाला ना चूक कळते, ना सूचना मिळते. तो बटण दाबत राहतो. पोर्टल बांधणाऱ्याने एक पायरी वाढवून ती फाइल जुन्या बोलीत उतरवून ठेवली असती तर हा माणूस अडला नसता. त्यासाठी बेबलसारखी फुकट साधनं अनेक वर्षांपासून आहेत.

मराठी वाचणाऱ्याला जुन्या यंत्राचा आणखी एक जाच सोसावा लागला. एक्सपीत मंगल फॉन्ट असायचा, पण 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची एक चौकट कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन स्वतः टिक करावी लागे आणि त्यासाठी विंडोजची सीडी मागितली जाई. ती केली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडे, जोडाक्षरं फुटून पायमोडकी दिसत. वऱ्हाड हा शब्दसुद्धा धड उमटत नसे. पुढे फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनी हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन स्वतःबरोबर आणायला सुरुवात केली आणि जुन्या विंडोजवरही मराठी सरळ दिसू लागली. देवनागरीपुरतं बोलायचं तर नव्या ब्राउझरने जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवलं, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. रुपयाचं चिन्ह मात्र एक्सपीला कधीच भेटलं नाही. सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, विंडोज सेव्हनला ते अपडेटमधून मिळालं, एक्सपीवाल्याला त्या जागी रिकामा चौकोन.

त्याआधीची गोष्ट उलटी होती. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट आपापला खासगी फॉन्ट वापरत आणि तो इंटरनेट एक्सप्लोररमध्येच धड उतरे. फायरफॉक्सवाल्यांसाठी पद्मा नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शनं बंद केली आणि तो मार्गही मिटला. त्या काळातली जी पानं कुठे साठवलेली आहेत ती आज उघडली तर अक्षरांची खिचडी दिसते. जुने ब्राउझर जपून ठेवण्यामागे अभ्यासकांचं एक कारण हेही आहे.

आणि मग सरकारी पोर्टलं. यांचा पेच दुहेरी आहे: एक पोर्टल नवा ब्राउझर मागतं, दुसरं जुना. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांना हे चांगलं माहीत आहे. डिजिटल सहीचा डोंगल लावून सही करावी लागे ती जावाच्या प्लगइनमधून. क्रोमने असे प्लगइन सप्टेंबर २०१५ मध्ये, ४५ व्या आवृत्तीत, काढून टाकले; फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, आणि फक्त ५२ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत जावा उरली. मग काय झालं? लोकांनी तो फायरफॉक्स ५२ आणि जुनी जावा एका वेगळ्या मशीनवर गोठवून ठेवली आणि अपडेट बंद केलं. लाखोंच्या निविदेची सही सगळ्यांत असुरक्षित ब्राउझरमधून होत होती. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला तेव्हाही 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहावे' अशा तळटीपा सरकारी पानांवर जिवंत होत्या. अशा पानांसाठी मायक्रोसॉफ्टला एज ब्राउझरमध्ये आयई मोड ठेवावा लागला, आणि तो किमान २०२९ पर्यंत चालवू असं वचन द्यावं लागलं. मोठ्या कचेऱ्या आणि बँका मागणी करतात तेव्हा जुनं सांभाळायची व्यवस्था होते. सेकंड हँड पीसीवाल्यासाठी ती आपोआप होत नाही.

तरीही काही माणसांनी ती केली, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. फायरफॉक्स ४ ने २०११ साली ॲपलचे पॉवरपीसी मॅक सोडले तेव्हा कॅमेरॉन कायझर यांनी टेनफोरफॉक्स नावाने तोच ब्राउझर त्या यंत्रांसाठी बांधायला घेतला आणि २०२१ पर्यंत, दहा वर्षांहून जास्त, नोकरी सांभाळून चालवला. एक्सपीसाठी फायरफॉक्सच्या घराण्यातला मायपाल आहे. क्रोमच्या घराण्यातला सुपरमियम तर आजच्या क्रोमियमचा गाभा घेऊन एक्सपी, व्हिस्टा आणि सेव्हनवर चालतो. जी फंक्शनं जुन्या विंडोजमध्ये नाहीत ती तो स्वतःबरोबर घेऊन येतो. आमच्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तसंच हे काम: मुळं जुनी, फांदी नवी.

पण खुंटाला रोग असेल तर डोळा कितीही निरोगी असून भागत नाही. ब्राउझर नवा झाला तरी खालच्या एक्सपीची भोकं तशीच राहतात. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्यावेळी मायक्रोसॉफ्टला मुदत संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठी तातडीचा पॅच काढावा लागला होता, यावरून धोक्याची कल्पना यावी. शिवाय असे ब्राउझर एक-दोन माणसांच्या खांद्यावर असतात. तो माणूस थांबला की सगळं थांबतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. बातम्या वाचायला, हवामान बघायला, मुलांच्या अभ्यासाला सुपरमियम किंवा मायपाल बेलाशक वापरावा. दुसऱ्याचा आधार क्रमांक, दुसऱ्याचा ओटीपी आणि दुसऱ्याचं बँक खातं ज्या मशीनवर रोज हाताळलं जातं, त्या मशीनवर एक्सपी असता कामा नये, मग वर ब्राउझर कोणताही असो.

विंडोज सेव्हनची गोष्ट वेगळी आहे आणि ती फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलामुळे वेगळी आहे. जुलै २०२३ मध्ये आलेला फायरफॉक्स ११५ हा सेव्हन आणि एटवर चालणारा शेवटचा. त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये संपायची होती. पण सेव्हनवर अजून खूप लोक आहेत हे बघून मोझिलाने सुरक्षेची दुरुस्ती चालू ठेवली. मुदत आधी मार्च २०२५, मग सप्टेंबर २०२५, मग मार्च २०२६ अशी पुढे सरकत गेली. क्रोम बनवणाऱ्या कंपनीपेक्षा कितीतरी लहान संस्थेने हे केलं. म्हणूनच 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. अडचण खरी आहे, पण तिच्यापुढे किती वर्षं टिकायचं हे कोणीतरी बसून ठरवतं. एक सूचना मात्र: हा फायरफॉक्स जुना तसाच ठेवून चालत नाही. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं स्वतःचं एक मूळ प्रमाणपत्र संपलं आणि ११५.१३ पेक्षा मागच्या आवृत्त्यांत एक्स्टेन्शनं अडखळू लागली. ज्यांनी अपडेट बंद करून ठेवलं होतं त्यांना याचा फटका बसणार होताच.

लिनक्सचं काय, असा प्रश्न दर वेळी येतो. ४ जीबी रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर असेल तर मिंट किंवा एमएक्स लिनक्स टाकून आजचा ताजा फायरफॉक्स सुखाने चालतो आणि इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड त्यात आधीपासून असतो. घरच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या कॉम्प्युटरसाठी याहून चांगला उपाय नाही. सी-डॅकने तर २००७ पासून बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स दिलेली आहे. ३२ बिटच्या फार जुन्या मशीनसाठी मात्र हा दरवाजाही लोटला जातो आहे: ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ या लिनक्समध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही आणि फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्स सोडलं.

सेवा केंद्रावर लिनक्स अडते ती थंबच्या मशीनपाशी. आधारची बोटाची ओळख पटवताना ब्राउझर थेट मशीनशी बोलत नाही. कॉम्प्युटरमध्ये आरडी सर्व्हिस नावाचा छोटा प्रोग्राम चालू असतो, तो १११०० ते १११२० यांपैकी एखाद्या पोर्टवर कान देऊन बसतो, आणि पोर्टलचं पान त्याच्याकडे बोटाचा ठसा मागतं. हे प्रोग्राम यंत्र बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी देतात. एवढ्या एका कारणाने चांगलं चालणारं मशीन लिनक्सवर नेता येत नाही. आरडी सर्व्हिस लिनक्सवरही नीट दिली पाहिजे अशी अट घालणं आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयच्या हातात आहे.

मोबाइल हा यावरचा उपाय असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण तिथेही तेच चक्र फिरतं, फक्त जास्त वेगाने. जिओफोनच्या कायओएसमध्ये ब्राउझरचं इंजिन २०१६ च्या गेको ४८ वर गोठलेलं होतं. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या १३९ व्या आवृत्तीला अँड्रॉइड १० लागतं.

आता जबाबदारीचा प्रश्न. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी एनआयसीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. पान वेगवेगळ्या ब्राउझरांत चालतं का ते तपासा, असं त्यांत सांगितलेलं आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. ठरल्या दिवसांत सेवा मिळणं हा त्याने नागरिकाचा हक्क केला. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज दाखल झाल्यावर. ब्राउझर अडल्यामुळे जो अर्ज दाखलच होत नाही, त्याचा उशीर कुठल्याच वहीत चढत नाही. विम्याची मुदत त्या आधीच संपलेली असते आणि गारपीट मुदत बघून येत नाही. मला या सगळ्या प्रश्नातली ही सगळ्यांत अन्यायाची जागा वाटते.

दबाव आणला तर गोष्टी हलतात, हे युरोपने नुकतंच दाखवलं. विंडोज टेनच्या सुरक्षा दुरुस्तीच्या वाढीव वर्षासाठी मायक्रोसॉफ्टने पैसे भरण्याच्या किंवा खात्यात सेटिंगचा बॅकअप ठेवण्याच्या अटी घातल्या होत्या. ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या घरगुती वापरकर्त्यांना ते वर्ष फुकट मिळालं. आपल्याकडे ग्राहक चळवळ काही कालची नाही. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ ला पुण्यात उभी राहिली, मुंबई ग्राहक पंचायत त्याच्या पुढच्या वर्षी. वजन-मापाइतकंच आता ब्राउझरची मुदत हाही ग्राहकाचा विषय आहे.

राज्याच्या पोर्टलांकडून तीन गोष्टी तरी मागता येतील. सुरक्षेची दुरुस्ती मिळत असलेला सगळ्यांत जुना ब्राउझर कोणता, हे पाहून त्यावर प्रत्येक अर्ज शेवटच्या बटणापर्यंत चालवून बघायचा आणि मगच पोर्टल खुलं करायचं. ब्राउझर चालणार नसेल तर ते पहिल्याच पानावर, मराठीत, कोणती आवृत्ती लागेल त्यासकट सांगायचं. सातबारा जोडून, ओटीपी टाकून, थंब लावून झाल्यावर नाही. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत केंद्रचालकाला नुसतं नाव, गट क्रमांक आणि वेळ नोंदवता येईल असं एक अगदी साधं पान ठेवायचं, ज्यात जावास्क्रिप्ट नाही, चित्रं नाहीत, फक्त एचटीएमएलचा फॉर्म आहे. असं पान विंडोज सेव्हनवरच्या क्रोम १०९ मध्येही उघडेल आणि टू-जीवरही. त्या नोंदीची वेळ हीच अर्जाची वेळ धरावी.